वाचून दाखवल्याबिगर

माणसाच्या अंगी नीती येते कुठून, या प्रश्नाचं उत्तर मला ऐन तिशीतच सापडलं होतं आणि मी ते येईल त्याला ऐकवत असे. देवाच्या धाकानं माणूस सरळ राहतो, एवढं साधं ते उत्तर होतं. संस्थान विलीन होऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली असतील. मंगळवार पेठेतल्या एका दवाखान्यात मी कंपाउंडर होतो आणि आमचे डॉक्टर देव मानत नव्हते. नवरात्रात सगळं कोल्हापूर अंबाबाईच्या दारात लोटायचं, तेव्हा हे गृहस्थ दवाखान्यात पेपर वाचत बसायचे. मला त्यांची कीव यायची. देवाची भीती नसेल तर मोहाच्या वेळी माणूस कशाला धरून उभा राहणार, असं मी एकदा त्यांना तोंडावर विचारलं. ते हसले आणि म्हणाले, "ते असू दे. हातातली बाटली आधी वाच."

बाटली वाचणं हा त्यांचा कडक नियम होता. त्या काळी रोगी घरून रिकाम्या बाटल्या घेऊन यायचे. पोटात घ्यायच्या औषधाच्या बाटलीवर मी 'प्यायचं' असं लिहिलेली, खाचा पाडलेली कागदाची पट्टी डिंकानं चिकटवायचो. एक खाच म्हणजे एक मात्रा. चोळायच्या औषधाच्या बाटलीवर 'चोळायचं' असं लिहिलेला लाल कागद लावायचो, कारण ते विषारी असायचं. पट्टी लावून झाली की बाटली रोग्यासमोर धरायची आणि मोठ्यानं म्हणायचं, "हे प्यायचं. दिवसातून तीन वेळा. हलवून." किंवा, "हे चोळायचं. तोंडात घालायचं नाही." दिवसातून तीस-चाळीस वेळा ही पोपटपंची करताना माझं तोंड दुखायचं. मला ते डॉक्टरांचं खूळ वाटे.

त्या वर्षी माझ्या बायकोला मुदतीचा ताप आला होता. एकवीस दिवस ती अंथरुणाला खिळली होती आणि दोनदा तर आम्ही आशा सोडली होती. ती उठून बसली तर एकवीस मंगळवार उपाशीपोटी दर्शन घेईन आणि दुपारी बाराच्या आत अकरा प्रदक्षिणा घालीन, असा नवस मी अंबाबाईला बोललो होतो. ती उठली, हिंडू-फिरू लागली. वीस मंगळवार मी नेमानं केले. एकही चुकला नाही, याचा मला बराच ताठाही होता. एकविसावा मंगळवार चुकला तर देवी दिलेलं परत घेईल, ही भीतीही मनात होतीच. ती मी कुणाला बोलून दाखवली नव्हती.

त्या शेवटच्या मंगळवारी दवाखान्यात गर्दी उसळली. अकरा वाजून गेले तरी रांग हलेना. सगळ्यांत शेवटी मुरगूडच्या अनसाक्का होत्या. या म्हाताऱ्या शेतकरीण बाई महिन्यातून एकदा दोन सारख्या तपकिरी बाटल्या घेऊन यायच्या. एकीत नवऱ्याच्या खोकल्याचं औषध, दुसरीत स्वतःच्या गुडघ्यांना चोळायचं तेल. मी दोन्ही बाटल्या भरल्या, बुचं मारली, पट्टी लावली, लाल कागद लावला आणि बाटल्या त्यांच्या पिशवीत जवळजवळ कोंबल्या. त्या काहीतरी विचारत होत्या. "नेहमीसारखंच हाय, आक्का," म्हणत मी पायांत वहाणा सरकवल्या आणि देवळाच्या महाद्वाराकडे सुटलो.

दर्शन झालं. पुजाऱ्यांनी तळहातावर तीर्थ दिलं आणि ते ओठांपाशी नेताना मला चोळायच्या तेलाचा उग्र वास आला. अंगठ्यावर डिंक वाळून बसला होता आणि वास त्या डिंकाला होता. मग आठवलं. खाचांची पट्टी नीट चिकटत नव्हती, मी ती अंगठ्यानं दोनदा दाबली होती. बाटली बाहेरून तेलकट होती म्हणून ती चिकटत नव्हती. खोकल्याच्या औषधाची बाटली तेलकट असायचं काही कारणच नव्हतं. प्यायच्या औषधाची पट्टी मी विषाच्या बाटलीला लावली होती.

आता जे सांगतो ते सांगायला आजही लाज वाटते. देवीच्या समोर उभा राहून मी पळवाटा शोधल्या. मला नुसता भास झाला असेल. म्हातारा वासावरून ओळखेल. पण तो म्हणे प्रत्येक औषध नाक दाबूनच पितो, हे अनसाक्कांनीच मला सांगितलं होतं. मग त्याहून वाईट विचार आला, की तो आधीच थकलेला आहे, काही झालंच तर लोक वय झालं म्हणतील, कंपाउंडरचं नाव कशाला निघेल. 'आई, तू सांभाळ' असं म्हणून मी सगळा भार देवीवर टाकला आणि प्रदक्षिणेला लागलो. देवाच्या धाकानं माणूस सरळ राहतो म्हणणारा मी देवाच्याच दारात वाकडा चालत होतो.

पहिल्या दोन प्रदक्षिणा मी नाव घेत घातल्या. तिसऱ्या फेरीत माझ्या तोंडून देवीचं नाव थांबलं आणि भलतेच शब्द येऊ लागले. "हे प्यायचं. दिवसातून तीन वेळा. हलवून." मी जीभ चावली, पुन्हा नाव सुरू केलं, पुन्हा तेच. दवाखान्यात रोज म्हणून म्हणून रुळलेलं ते वाक्य, आणि त्या शब्दांबरोबर बाटली तोंडाला लावणारा म्हातारा मला दिसू लागला. तिसरी प्रदक्षिणा संपली तिथून मी वळलो आणि देवळाबाहेर धावत सुटलो. बायकोचा चेहरा डोळ्यांपुढे होता आणि आठ प्रदक्षिणा राहिल्या होत्या.

दवाखान्यात आलो तर डॉक्टर व्हिजिटला गेले होते. स्टँडवर गेलो तर मुरगूडची मोटार केव्हाच निघून गेली होती आणि दुसरी संध्याकाळी होती. मी रस्त्यावर उभा राहून येईल त्या गाडीला हात करत होतो. बाजारात गूळ उतरवून मोकळा चाललेला एक ट्रक थांबला. पटका बांधलेला, रापलेल्या चेहऱ्याचा ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "काय पावणं, मरायचं हाय व्हय?" मी त्याला सगळं खरं सांगितलं. चूक माझी आहे, हे त्या दिवशी मी पहिल्यांदा त्या परक्या माणसापाशी बोललो. त्यानं आतून दार उघडलं. "मी निपाणीला निघालोय. पर बसा की, बघत काय ऱ्हायलायसा!"

कागल मागं पडल्यावर तो म्हणाला, "गप बसला असतासा तर कुणाला कळलं असतं?" मी म्हणालो, "कुणालाच नाही." तो मान हलवत राहिला आणि गाडी आणखी जोरात हाणली. आपला रस्ता सोडून त्यानं मला थेट मुरगुडात आणून सोडलं आणि मी आभार मानायच्या आत गाडी वळवून निघून गेला. पुढं मी गुळाच्या बाजारात कितीदा चौकशी केली, पण तो मला पुन्हा कधी दिसला नाही.

विचारत विचारत अनसाक्कांचं घर गाठलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. सोप्यात म्हातारा भिंतीला टेकून बसला होता आणि खोकत होता. तो खोकला ऐकून मला जो आनंद झाला, तो मी शब्दांत सांगू शकत नाही. कोनाड्यात दोन्ही बाटल्या होत्या, बुचं जशीच्या तशी. मी खाचांची पट्टी लावलेल्या बाटलीचं बूच काढलं आणि तेलाचा भपकारा आला. मी उंबऱ्यावरच बसलो. औषध अजून दिलं कसं नाही, असं मी विचारलं, तर अनसाक्का माझ्यावरच चवताळल्या.

"कसं देणार? मला कुठं अक्षर येतंय? दर बारीला तुमी बाटली फुडं धरून वाचून दावतासा. आज न्हाई वाचलं. मी इचारलं तर पळालासा. वाचून दावल्याबिगर मी न्हाई देत. मास्तर साळंतनं आलं की वाचून घेणार हुते."

म्हणजे मास्तर आले असते, त्यांनी पट्टी पाहून 'प्यायचं' असंच सांगितलं असतं. शाळा सुटायला फार वेळ उरला नव्हता. मी चूक कबूल केली, बाटल्या पुसून पट्ट्या बदलल्या आणि दोन्ही बाटल्या वाचून दाखवल्या. अनसाक्कांनी तोंडाला येईल ते सुनावलं आणि मग भाकरी वाढली. उपास होता, तरी मी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सगळं सांगितलं. नोकरी जाणार असं मी धरूनच चाललो होतो. ते म्हणाले, "लोकांना वाटतं, चांगुलपणा मोहाच्या क्षणी लागतो. तो रोज लागतो, बाबा. त्या क्षणी नुसता उपयोगी पडतो." घरी बायकोला नवस मोडल्याचं सांगितलं. "उरलेल्या आठ मी घालते," ती म्हणाली, "माझ्याच जिवासाठी होत्या ना?" त्याच शुक्रवारी तिनं त्या घातल्या. ती आजही ठणठणीत आहे.

मी देवीला मानतो, पूर्वीपेक्षा अधिक मानतो. पण आता तिला माझ्या चुका सांभाळायला सांगत नाही. देवीनं मला वाचवलं ते एका नास्तिकाच्या शिस्तीतून आणि एका निरक्षर बाईच्या सवयीतून. तिनं कुणाच्या तोंडून बोलावं हे ठरवणारा मी कोण? तिच्यापुढं शरण जायचं म्हणजे समोरचं काम तिनंच हातात दिलंय असं समजून नीट करायचं, एवढंच मला कळलं आहे.

महिन्यानं अनसाक्का आल्या, तेव्हा म्हाताराही काठी टेकत बरोबर आला होता. मी बाटली पुढं धरून वाचली. त्यानं कानामागं हात नेला आणि म्हणाला, "ऐकाय आलं न्हाई, परत वाचा." मी हात जोडले आणि परत वाचलं.