उतरलेल्या तारा

डोळा लागतोय. दुपारचं जेवण झाकून ठेवलंय तसंच, आणि कानांवर हेडफोन आहेत. त्यात माझा धाकटा भाऊ जयवंत गातोय. त्याला जाऊन पंचवीस वर्षं झाली.

मिरजेत त्याचा रॉक बँड होता, 'पत्रा'. जेमतेम वर्षभर टिकला, एकच अल्बम काढला. सगळी गाणी एका कॅसेटमध्ये मावेनात, म्हणून जयूनंच मूळ टेप जरा जलद फिरवून उतरवली; त्यानं सूर चढला, आवाज पातळ झाला. ती कॅसेट ऐकत ऐकत मी म्हातारी झाले. त्याची गिटारही तिच्याच सुरात लावून ठेवते. काल त्यांच्या ड्रमवाल्या दिलावरनं मूळ टेपवरून केलेली लॉसलेस फाइल पाठवली. तीच आता लावलीय. वेग बरोबर, आवाज लख्ख. आणि गाणारा माणूस मला ओळखूच येईना. जड, दमलेला, कुणा परक्याचा आवाज.

मी सतारवाल्यांच्या गल्लीतल्या बँडच्या शेडमध्ये बसलेय. वर सतारीचे भोपळे टांगलेत. समोर जयू, मांडीवर गिटार.

"अक्का, ही कुणी लावली गं? तारा तुटायला आल्यात."

"मीच. तुझ्या कॅसेटवरनं."

"कॅसेट खोटी हाय की! मीच टेप जोरात पळवली न्हवं का?"

आवाज कॅसेटमधलाच आहे, पातळ, हसरा. माझा जीव भांड्यात पडतो.

"असाच बोल बाबा," मी म्हणते. "तो दुसरा आवाज मला नको."

"दुसरा कुठला? माझाच हाय तो."

तो खुंट्या पिळून तारा उतरवायला लागतो. एकेक तार उतरते तसा त्याचा आवाजही उतरतो. वर बघते तर भोपळ्यांच्या जागी सलाइनच्या बाटल्या. शेड नाही, वॉर्ड आहे. जयू खाटेवर बसून खुंट्या पिळतोच आहे.

"नको रे जयू. माझ्याकडं तेवढंच उरलंय."

"गातानाच दमत होतो मी, अक्का. टेप पळवली म्हणून कुणाला कळलं न्हाई."

मला रडू फुटतं. हाच आवाज. शेवटच्या दिवशी याच आवाजात त्यानं पाणी मागितलं होतं, आणि डॉक्टरांनी देऊ नका म्हणून सांगितलं होतं. इतकी वर्षं त्या आवाजावर मी कॅसेटचं पांघरूण घालून बसले होते.

"पाणी दे की, अक्का."

मी तांब्या शोधायला उठते आणि जागी होते.

भिंतीवर ऊन आहे. हेडफोनमध्ये तो गातोच आहे. कोपऱ्यातल्या गिटारची तार छेडते. उतरलेली. सहाही उतरलेल्या, बरोबर फाइलच्या सुरात. घरात माझ्याशिवाय कुणी नाही.

घाईघाईनं कॅसेट लावते. पातळ, हसऱ्या आवाजात कुणीतरी भराभरा गातोय. गिटारशी त्याचा सूर जुळत नाही. हा कोण, मला सांगता येत नाही.

मी कॅसेट बंद करते, तांब्याभर पाणी आणून गिटारपाशी ठेवते आणि तिथंच बसून राहते.