रिलिव्हरचे नाक

नाशिकहून सकाळच्या एसटीने निघालो तेव्हा आईच्या डोळ्यावर पट्टी होती. मोतीबिंदूचे ऑपरेशन आदल्या दिवशी झाले होते. पट्टी दुसऱ्या दिवशी निघणार होती आणि त्या वेळी समोर थोरला असावा, एवढेच तिने मागितले होते. थोरला म्हणजे अशोकदादा, पडघ्याजवळच्या गॅस प्लांटवर ऑपरेटर. दोन वर्षांत तो घरी आला नव्हता. या वेळी रजा मंजूर झाल्याचे त्याचे पत्र होते, तरी आईला भरवसा नव्हता. म्हणून तिने मला धाडले. नव्वदीच्या सुरुवातीची ही गोष्ट.

कसारा घाट उतरल्यावर हवा दमट झाली. पडघे मागे टाकून मी आधी भिवंडीत उतरलो, दादाची बॅग घ्यायला. त्याची खोली एका सायझिंगच्या (सुताला खळ देण्याचा कारखाना) मागच्या गल्लीत होती. दोन्ही बाजूंना लूम (यंत्रमाग) चालू होते. माणसे सवयीने मोठ्याने बोलत होती. खोलीतला सोबती हाशिमभाई आझमगढचा, लूमवर कामाला. त्याने डाळ-रोटी पुढे ठेवली.

"तुम्हारे भाई ने चार दिवस से बॅग भरून ठेवलीय," तो म्हणाला. "रोज खोलतो, रोज भरतो. मैं बोला, साडी घिस जाएगी."

बॅगेत सर्वांत वर आईसाठी घेतलेली साडी होती.

टेम्पोने पडघ्याकडे परत आलो. प्लांटच्या फाटकावर वॉचमनने खिसे तपासले, ठिणगी नको म्हणून माझे घड्याळही काढून ठेवले आणि जवळच्या ऑपरेटर केबिनपर्यंत सोडले. पांढऱ्या टाक्या, लाल पाइप, कुंपणापलीकडे भाताची खाचरे. दादाने मला पाहिले, मान हलवली आणि वहीत गॅसच्या दाबाच्या काट्यांचे आकडे लिहीत राहिला. कानशिले पांढरी झाली होती. मिशी काढली होती.

दोनला त्याची पाळी सुटणार होती, साडेतीनला नाक्यावर नाशिकची गाडी होती. दोनला दहा मिनिटे असताना रिलिव्हर (पुढच्या पाळीचा माणूस) आला. काळू भोईर, जवळच्याच गावचा शेतकरी. डोळे लाल, गळ्याला मफलर.

"सर्दी झालीय तुला," दादा म्हणाला.

"न्हाय रं. नाक चालतंय माजं. तू नीघ, आई वाट बगत असंल."

गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे रसायन मिसळतात. पाइपाच्या सांध्यातली बारीक गळती काट्याआधी नाकाला कळते. त्यामुळे नाक बंद असलेल्याला चार्ज द्यायचा नाही, असा इथल्या ऑपरेटरांचा आपसातला रिवाज. दादाने डब्यातली लसणाची पाकळी ठेचली.

"डोळे मीट, काळू."

"लसूण," भोईर लगेच म्हणाला. "दर टायमाला लसूणच आणतोस. बायको बदल."

"डबा मीच भरतो. आणि हा?"

भोईरने लांब श्वास ओढला. "कांदा."

दादाचा हात रिकामा होता.

भोईरने डोळे उघडले, तो हात पाहिला. "दोन दीस तुळशीचा काढा पितोय," तो म्हणाला. "तुज्यासाटी आलो रं."

"माहीत आहे मला. जा, झोप."

तिसरा ऑपरेटर रात्रीचा. भोईर बरा होईपर्यंत दोघांना बारा-बारा तास करावे लागणार होते. मी साहेबांना भेटू का, असे विचारले.

"साहेब काय करतील? नाक पाठवतील?" दादा म्हणाला. मग बॅगेतून साडी काढून माझ्या हातात दिली. "तिला सांग, पोरगा निघाला होता."

भोईर मला नाक्यापर्यंत सोडायला आला. गाडी लागल्यावर घाईने खिडकीपाशी येऊन म्हणाला, "आईला माजं नाव नको सांगू."

मी सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी काढली. आईने माझ्याकडे पाहिले, मग माझ्या मागे दाराकडे. दारात नर्स उभी होती. मी साडी आईच्या मांडीवर ठेवली, ड्युटीचे कारण सांगितले. तिने घडी मोडली नाही.

पडघे ते नाशिक, तीन तासांचा रस्ता. वार्ताहर म्हणून बातमीत असे अंतर मी कितीदा लिहिले असेल.

"कसा दिसतो आता?" तिने विचारले.

कानशिले पांढरी झालीत, मिशी काढलीय, असे मी सांगू लागलो. ते नीट दिसावे म्हणून आईने डोळे मिटून घेतले.