न तपासलेला बॅकअप

चेन्नईच्या मैलापुरात कॉम्प्युटर दुरुस्त करणारे ते गृहस्थ तंजावरी मराठी बोलतात. काहीही विचारा, "बरं"ऐवजी तमिळ "सरी" लावून एकच उत्तर, "सरी, नंतर पाहू." काढलेले स्क्रू ओठांत धरायची सवय, त्यामुळे तेवढंही अर्धंच ऐकू येतं.

माझ्या कॉम्प्युटरवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही होते. जागा पुरेना, म्हणून त्यांनी लिनक्सच्या पार्टिशनचा बॅकअप घेतला. "तो उघडतोय का, बघितलंत?" मी विचारलं. "सरी, नंतर पाहू," म्हणाले आणि डिस्कची नव्याने वाटणी करायला ते पार्टिशन पुसून टाकलं. रिस्टोअर निम्म्यात अडकलं. बॅकअपच अर्धवट उतरला होता. तिसऱ्या प्रयत्नानंतर त्यांनी तोंडातले स्क्रू काढले आणि "डिस्क जुनी तुमची," असं मलाच सुनावलं. आत काय होतं, ते विचारलंही नाही.

आत त्यांच्या आईचा आवाज होता. तंजावरी मराठीतले जुने शब्द जमवताना मी त्यांचं बोलणं दोन दुपारी रेकॉर्ड केलं होतं. त्या गेल्यावर कितीदा म्हटलं, ऐकवतो. यांचं उत्तर ठरलेलं. दुसरी प्रत मीही ठेवली नव्हती.

काल त्यांचा फोन आला. "आईचं वर्षश्राद्ध आलं. ते रेकॉर्डिंग देता का? आता ऐकतो."

"नंतर देतो," मी म्हणालो.