उनपदेवला सोडलेली सवारी

बोदवड स्टेशनाबाहेर लागणाऱ्या जीपगाड्यांपैकी एक बेबाबाई चालवते. भाऊ तोताराम आजारी पडला तेव्हा त्याची गाडी दारात सडू नये म्हणून ती चालवायला शिकली. तो गेल्यावर गाडी तिच्याकडेच राहिली. रंगानं ती इतकी गोरी, की नवख्यांना ती इकडची वाटत नाही. तो रंग जन्माचा नाही. एकोणिसाव्या वर्षी तिच्या ओठाच्या कडेला कोडाचा डाग उठला आणि पुढच्या वीस-बावीस वर्षांत त्यानं सगळं अंग व्यापलं.

डाग उठला तेव्हा लग्नाला आठ महिने झाले होते. नवरा गिरधर, जामनेरकडचा कापूस पिकवणारा शेतकरी. त्यानं तिला एसटीनं उनपदेवला नेलं. अडावदच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या जंगलात, तिथे गोमुखातून बारा महिने ऊन पाणी कुंडात पडतं. त्यानं कातडीचे आजार जातात अशी लोकांची श्रद्धा. सात दिवस आंघोळी कर, आठव्या दिवशी घ्यायला येतो, असं सांगून गिरधर गेला. बेबाबाईनं अकरा दिवस वाट पाहिली, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी दिलेल्या भाकरीवर राहिली. बाराव्या दिवशी केळीच्या एका ट्रकवाल्यानं दया येऊन तिला भुसावळपर्यंत आणलं. सासरच्या घराला कुलूप होतं. शेजारणींनी तिला पाहून दारं लावून घेतली. का, ते तिला कळलं नाही. ती भावाकडे आली. हा माणूस एकदा आपल्या तावडीत सापडावा, एवढंच ती पुढची सगळी वर्षं मनात घोळवत राहिली.

गेल्या डिसेंबरात फोन आला. उनपदेवला जायचंय, दोन माणसं, असं म्हणून समोरच्यानं गाव आणि नाव सांगितलं. नाव गिरधरचं होतं. बेबाबाईनं फक्त निघायची वेळ विचारली.

गिरधरनं तिला ओळखलं नाही. त्याच्या मानेवर आणि कोपरांवर खवले धरले होते, मलमांनी काही होत नव्हतं. सोबत दुसरी बायको पुष्पाबाई, मांडीवर जेवणाची पिशवी घेऊन. भुसावळ गेलं, तापी ओलांडली. यावलच्या पुढे दोन्हीकडे केळीच्या बागा लागल्या तसा गिरधर बोलायला लागला. या रस्त्यानं आपण पहिल्या बायकोलाही आणली होती, म्हणाला.

"कुंडावरून एका ट्रकवाल्यासंगे पयाली ती."

शेजारणींची दारं का लागली, ते बेबाबाईला तेवीस वर्षांनी त्या वाक्यात कळलं. त्याला नुसतं जंगलात सोडून यायचं, एवढाच तिचा बेत होता. आता तेवढ्यानं तिचं भागणार नव्हतं. ती गाडी शांतपणे चालवत राहिली, पण किनगाव कधी मागे पडलं ते तिच्या ध्यानात आलं नाही.

कुंडावर दहा-बारा माणसं आंघोळ करत होती. गिरधर उघड्या अंगानं पाण्यात बसला तेव्हा ती पायरीवर उभी राहिली.

"गिरधर, मी बेबी. ट्रकवाल्यासंगे गेलेली."

 तो उठायला गेला, शेवाळावरून पाय सरकून परत बसला. बेबाबाईनं आवाज चढवला नाही. डाग, एसटी, अकरा दिवस, सगळं तिनं त्या लोकांसमोर सांगितलं. अंग पुसणारे हात थांबले.

"आता तूच सांग यांले," ती म्हणाली, "मी पयाली का तू पयाला?"

गिरधरनं पुष्पाबाईकडे पंचा मागितला. तिनं पुष्पाबाईकडे पाहिलं. ही बाई फसलेली असणार, असं तिनं धरलं होतं. पुष्पाबाई पंच्याची घडी घालत हळू म्हणाली, "मले लग्नाआधीच माहीत व्हतं."

बेबाबाईनं त्यांची पिशवी आणि चपला कठड्यावर काढून ठेवल्या आणि गाडी सुरू केली. आरशात गिरधर ओल्या अंगानं मागे धावताना दिसला, मग थांबलेला दिसला. तिनं ब्रेक लावला नाही. अडावदला तिनं दोन चहा घेतले. आपण हसतोय हे तिला चहावाल्याच्या चेहऱ्यावरून समजलं.

गिरधरनं गप्प बसायला हवं होतं. त्यानं स्टँडवर येऊन तक्रार केली, की तुमच्या बाईनं सवारी जंगलात टाकली, स्टँडवरच्या रांगेतला तिचा नंबर बंद करा. स्टँडचे म्होरके जीवरामआबा. त्यांनी तिला सगळ्यांसमोर जाब विचारला. तिनं सांगितलं. ऐकणाऱ्या ड्रायव्हरांतले दोघं रोज गिरधरच्या गावाला सवाऱ्या नेत. चार दिवसांत गावातली तेवीस वर्षांची गोष्ट उलटी झाली. पारावर गिरधर आला की लोक ट्रकचा विषय काढत. त्यानं बोदवडला येणंच सोडलं.

दोन महिन्यांनी पुष्पाबाई एकटी आली आणि जीपमध्ये पुढे बसली. मी तेव्हा अठराची होते, माझं कोणी ऐकलं नसतं, असं ती सांगू लागली.

"मी एकोणीसची व्हती," बेबाबाई म्हणाली. "उतरा."

पुष्पाबाई उतरली. बेबाबाईनं वरणगावच्या सवाऱ्या भरल्या आणि निघाली. तिच्या भावजयीनं मागाहून विचारलं, आतातरी राग निवला का. निवला नाही, असं ती सरळ सांगते, आणि तिला त्याचं काही वाटतही नाही.