वंदनाचे मासे

"वंदना गेली..." तिच्या नवऱ्याचा, मधुकररावांचा फोन आला तेव्हा मी साकोलीच्या बसस्टँडवर होते. बस आली, भरली, निघूनही गेली. मला चढायचं सुचलंच नाही. महिना उलटला, अजूनही काही सुचत नाही.

आम्ही एकाच कॉलेजात. मी मराठी शिकवायची, ती प्राणिशास्त्र. वर्षानुवर्षं न मोडणारी रसायनं वैनगंगेच्या माशांत किती साचली आहेत, हे शोधण्यात तिने सारी उमेद घातली. "वंदे, एक दिवस मांजरं लागतील तुझ्या पदरामागे," मी चिडवायची. मासे ती अड्याळच्या बाजारात बसणाऱ्या सुमनबाईंकडून घ्यायची. त्यांचं अख्खं घर नदीवर जगणारं. पहिल्या खेपेला सुमनबाईंनी मोठ्या मायेने मरळ कापून, धुऊन, हळद-मीठ लावून आणली. "घाण सारी फेकून देली जी, मॅडम." त्या घाणीतच यकृत होतं, आणि वंदनाला तपासायचं होतं नेमकं तेच! ती इतकी हसली, की काही न कळता सुमनबाईही हसू लागल्या.

पुढे तपासणीचे निकाल आले आणि तिचं हसणं आटलं. ही रसायनं उकळून जात नाहीत, तळून जात नाहीत. अंगात शिरली की मुक्काम ठोकतात. तिने सुमनबाईंच्या घरी जाऊन सांगितलं, निदान पोटुशी बायकांना तरी हे मासे देऊ नका. सुमनबाई शांतपणे म्हणाल्या, "मंग दुसरं का देवाव, मॅडम?" मग वंदनाने सरकारी कार्यालयांत खेटे घातले. चहा मिळाला, पाणी होतं तसंच राहिलं. शेवटच्या आजारपणातही एकच घोर, सुमनबाईंच्या सुनेला दिवस गेलेत, ती ऐकत असेल का? एवढी शिकलेली बाई, आणि एका घरातलं एक ताट तिला बदलता आलं नाही. मला अजून चीड येते... कुणाची, ते सांगता येत नाही.

परवा मधुकररावांकडे गेले. सुमनबाईही सुनेला घेऊन भेटायला आल्या होत्या. मागच्या खोलीत वंदनाचा फ्रीजर चालूच होता. आत तपासणीसाठी चांदीच्या कागदात गुंडाळून ठेवलेले मासे, प्रत्येकावर तिच्या अक्षरातली चिठ्ठी.

"याचं करू काय?" मधुकरराव म्हणाले. "पुरले तर मातीत जाणार, सोडले तर परत नदीत..."

सुमनबाईंनी वाकून पाहिलं. "फेकता कायले जी? मले द्या. सुनेले सातवा लागला, तिले खायले होतीन."

"अहो, विष आहे त्यात!" मी ओरडलेच.

"आमच्याच नदीतले होत ना, बाई? रोज थेच तं खाऊन राहिलो."

मी झाकण लावून टाकलं. फ्रीजर अजून चालू आहे. तो बंद कसा करायचा, हे आम्हा दोघांनाही कळत नाही.