जावेचं नाव

मी एकोणीस वर्षांची असताना नवरा गेला. मांडीवर सहा महिन्यांची मुलगी होती. हिंगणघाटजवळच्या आमच्या गावात विधवेनं घरात बसून राहायचं, एवढंच ठरलेलं. पण माझी सातवी झालेली होती, आणि थोरल्या दिरांनी मला मास्तरणीच्या ट्रेनिंगला वर्ध्याला पाठवलं. गावात त्यांचं नाव झालं. त्या माणसाचे उपकार विसरू नको, असं मला जो तो ऐकवायचा.

दिरांनी हो म्हटलं, हे खरं. पण म्हणायला लावलं ते जावेनं, तीन दिवस न जेवता. तिचा मुलगा माझ्या मुलीच्याच वयाचा. तिनं दोघांना पाजलं. दोन वर्षं माझ्या वाट्याचं निंदण, कापूसवेचणी, सगळं निमूट ओढलं. मी सुटीत घरी यायची तेव्हा मुलगी तिच्या लुगड्यामागे लपायची आणि तिलाच माय म्हणायची.

नोकरी गावातल्याच शाळेत लागली. पुढच्या वर्षी शाळेची नवी खोली बांधून झाली. बाहेरगावचे पाहुणे आले आणि हेडमास्तरांनी मला आभार मानायला उभं केलं. मी दिरांचे मानले, हेडमास्तरांचे मानले, गावाचे मानले. घरच्यांमुळेच मी आज इथं आहे, असंही म्हणाले. घरचे म्हणजे दीर, असंच सगळे समजले. मलाही तेच म्हणायचं होतं. जाऊ तेव्हा घरी त्याच पाहुण्यांचा स्वयंपाक करत होती. भाषणात तिची आठवणच आली नाही, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं. आली होती. त्या माणसांसमोर चुलीपुढच्या बाईचं नाव घ्यायची मला लाज वाटली.

संध्याकाळी तिनं हळूच विचारलं, "माहं नाव घेतलं काय वं?"

"घेतलं नं," मी म्हणाले.

ती हसली. त्या दिवशी तिनं मला भांड्यांना हात लावू दिला नाही.

दोन दिवसांनी विहिरीवरच्या बायकांनी तिला माझं भाषण जसंच्या तसं सांगितलं. तिनं मला जाब विचारला नाही. फक्त कामापुरतं बोलू लागली.

वर्षभरात माझी बदली हिंगणघाटला झाली. मुलगी येईना, जावेला बिलगून रडत होती. शेवटी जावेनंच तिचे हात सोडवले आणि तिला बैलबंडीत बसवलं. मी पाया पडायला वाकले, तशी तिनं पाय मागे घेतले.

"माह्या नको," ती म्हणाली. "तुह्या घरच्याईच्या पड."

दीर ओसरीवर उभे होते. मी जाऊन त्यांच्या पाया पडले. त्यांनी तोंडभर आशीर्वाद दिला. हिंगणघाट येईपर्यंत मुलगी माझ्याकडे पाठ करून, गावाच्या दिशेनं बघत बसली होती.