एका ताटाचा प्रसंग

जळगावला उतरले तेव्हा कंबर पार मोडली होती. पुण्यापासून दुसऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा मांडीवर सांभाळत आले होते, आणि तो परवा परत द्यायचा होता. एका जपानी चित्रकथेतल्या दोन मैत्रिणींवर आम्ही हौशी मंडळी व्हिडिओपट काढत होतो. एक मैत्रीण मी, दुसरी पुष्पा. मध्येच पुष्पाचं लग्न झालं आणि ती भडगावजवळच्या गावी सासरी गेली. निरोपाआधी दोघी एका ताटात जेवतात, एवढाच प्रसंग उरला होता. तो मिळाला नाही, तर वर्षाची मेहनत पाण्यात.

भडगावच्या एस.टी.त शेजारच्या आजींनी कॅमेऱ्याच्या पेटीला बोट लावलं. "यामा काय शे?"

"सिनेमा," मी म्हटलं. आजी जरा सरकून बसल्या. बाहेर नुसती कपाशी. बघायचंही त्राण नव्हतं.

पुष्पाकडे कानबाई (श्रावणात घरोघरी बसते ती देवी) सकाळीच बोळवली होती. कॅमेरा तिच्या नवऱ्याच्या हाती देऊन मी ताटाशी बसले. ताटात रोट (कानबाईच्या पिठाचा प्रसाद) होता. हात पुढे केला, तोच तिच्या सासूबाई, अक्का, ओरडल्या, "थांब पोरी! रोट आमना घरना मानसेच खातस."

"एकच घास, अक्का. सिनेमापुरता."

"मनी आंडेरले (लेकीला) बी देत नही, तुले कशी देऊ?"

खरंच, माहेरपणाला आलेली त्यांची मंगला उंबऱ्याशी भाकरी खात बसली होती. तिने हसून मला जागा केली. माझं डोकं फिरलं होतं.

"मग दुसरं काही वाढ गं दोघींना," मी पुष्पाला म्हटलं.

"रोट संपेपर्यंत मला दुसरं चालत नाही."

"इतकी बदललीस?"

तिने ताट जवळ ओढलं. "माहेरीही आज रोट असेल. मी गेले तर आई मलाही भाकरीच देईल. मला रोट देणारं हे एकच घर उरलंय. त्यांचा नियम मी कसा मोडू?"

शेवटी दोन ताटं मांडूनच चित्रण केलं. तिच्या ताटात रोट, माझ्यात मंगलाची अर्धी भाकरी.

परतताना एस.टी.त मी फुरंगटून ठरवलं, पुष्पा माझ्याकडे आली की आधी एका ताटात जेवायला बसवायचं. पाचोरा येईपर्यंत तोच विचार करत होते. मग लक्षात आलं, माघात माझंही लग्न आहे. त्या घरी कुणाकुणाला काय चालतं, हे मी अजून विचारलेलंच नाही.